पर्वरीच्या चढावरचा धूर आणि माझा चुकलेला हिशोब

रोज संध्याकाळी पणजीहून म्हापशाला घरी जाताना मांडवीचा पूल संपला की पर्वरीचा चढ लागतो आणि तिथे माझ्या नशिबात एखादी जुनी बस पुढे असतेच. अटल सेतूवर टू व्हीलर चालत नाहीत, त्यामुळे आम्ही स्कूटीवाले खालच्या पुलावरून, म्हणजे बसच्या मागेच. अर्ध्या चढावर कोणीतरी हात दाखवतो, बस थांबते, कंडक्टर दारात लोंबकळत "म्हापसा म्हापसा म्हापसा" ओरडतो, त्या माणसाचा एक पाय आत पडतो न पडतो तोच ड्रायव्हर फर्स्ट टाकून दणकून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, आणि मागे जो काळा ढग सुटतो तो सरळ माझ्या हेल्मेटच्या काचेवर. घरी येऊन ओल्या फडक्याने काच पुसली की फडक्यावर काळा पट्टा उमटतो. आई म्हणते हे फडकं वेगळं ठेव बाई, भांड्यांच्या फडक्यांत मिसळू नको.

गंमत म्हणजे मी पोटापाण्यासाठी याच धुराचा हिशोब करते. एका छोट्या ट्रॅफिक कन्सल्टन्सीत आहे, रस्त्यावर किती गाड्या, कुठल्या, किती स्पीडने, हे कॉम्प्युटरला द्यायचं आणि तो सांगतो की तासाला अमुक ग्रॅम नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड), तमुक ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. मागच्या वर्षी अशाच एका कामाचं प्रेझेंटेशन होतं, पणजीतला एक रस्ता वनवे केला तर धूर किती कमी होईल. मी स्लाइडवर टक्केवारी टाकली होती, दशांश चिन्हानंतर दोन आकडे, बघायला एकदम झकास. शेवटच्या रांगेत एक आजोबा बसले होते, रिटायर्ड मास्तर असावेत, त्यांनी शांतपणे विचारलं, "बाय, हा आकडा खरा कशावरून?" आणि मी काय बोलले माहितीये? "सर, हे मॉडेल इंटरनॅशनल आहे." हॉलमध्ये हशा. मला आजही आठवलं की कान गरम होतात.

तर त्यानंतर दोन-तीन महिने रविवार खर्च करून मी एवढंच शोधत बसले की असलं मॉडेल बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं. ऑफिसने सांगितलं नव्हतं, पगार वाढला नाही, पण झोप लागत नव्हती म्हणून केलं. ते सगळं इथे लिहून ठेवतेय.

आधी थोडक्यात, ही मॉडेलं असतात काय. सगळ्यात साधी जात म्हणजे सरासरी स्पीडवाली, युरोपात कोपर्ट नावाचं आहे ते यातलं. त्यात प्रत्येक प्रकारच्या गाडीसाठी एक वक्र रेषा असते, स्पीड दिला की किलोमीटरला किती ग्रॅम ते मिळतं. रेषेचा आकार साधारण कढईसारखा, अगदी हळू चाललात तर धूर जास्त, मधे साठ-सत्तरच्या आसपास कमीत कमी, आणि खूप जोरात गेलात तर परत चढतो. दुसरी जात जर्मनी-स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियावाल्यांची, एचबेफा, तिथे स्पीडऐवजी परिस्थिती निवडायची, म्हणजे शहरातला मोठा रस्ता, गर्दी, थांबत-थांबत, वगैरे. आणि तिसरी जात सेकंदा-सेकंदाची. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं फेम, अमेरिकेच्या ईपीएचं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, मूव्ह्ज, ही मंडळी गाडी दर सेकंदाला किती जोर लावतेय ते बघून धूर काढतात. साहजिकच सगळ्यांना वाटतं की तिसरी जात भारी. मलाही वाटायचं.

आता सरासरी स्पीडमधली मेख अशी आहे. समजा एक गाडी ताशी वीसने सरळ चालली, आणि दुसरी अर्धा वेळ चाळीसने पळाली आणि अर्धा वेळ सिग्नलला उभी राहिली. दोघींची सरासरी वीसच. मॉडेलला दोघी जुळ्या बहिणी वाटतात. पण धूर बघाल तर सारखा नाही, कारण दुसरीने प्रत्येक सिग्नलनंतर नव्याने जोर लावलाय. (खरं सांगायचं तर कोपर्टवर थोडा अन्याय होतोय, त्याची रेषा खऱ्या गाड्यांच्या खऱ्या चालवण्यावरून काढलेली आहे त्यामुळे वीसच्या स्पीडला जेवढं थांबणं-पळणं सर्वसाधारणपणे होतं तेवढं त्यात आधीच मुरलेलं आहे. फक्त ते थांबणं-पळणं युरोपातलं आहे, आपल्या बसवाल्याचं नाही.)

म्हणून मी ठरवलं सेकंदा-सेकंदाचं करून बघू. मावसभावाला मागे बसवलं, त्याच्या हातात फोन, फोनमध्ये दर सेकंदाला जीपीएस नोंदवणारं अ‍ॅप, आणि म्हापसा ते पणजी ते म्हापसा अशा फेऱ्या मारल्या. तो बिचारा मागे बसून म्हणतोय "ताई, पेट्रोल कोण भरणार आणि चहाचं काय". शेवटी म्हापशात मिरची भजी आणि चहावर मिटलं.

मग ते आकडे व्हीएसपीच्या सूत्रात टाकले, व्हीएसपी म्हणजे गाडीच्या वजनामागे इंजिनाला लागणारा जोर. हे सूत्र १९९९ साली एमआयटीतल्या एका पीएचडी प्रबंधातून आलं, आणि एवढं साधं आहे की वहीच्या एका ओळीत मावतं. स्पीड मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याला गुणायचं कशाने, तर १.१ गुणिले प्रवेग (म्हणजे स्पीड दर सेकंदाला किती वाढतो), अधिक ९.८१ गुणिले चढ, अधिक ०.१३२, आणि मग त्या गुणाकारात स्पीडचा घन गुणिले ०.०००३०२ मिळवायचा, हा शेवटचा वाऱ्याचा अडथळा. उत्तर येतं टनामागे किती किलोवॉट जोर लागतोय ते. हे आकडे छोट्या कारसाठी आहेत, बसला-बाइकला वेगळे लागतात, पण समजून घ्यायला पुरे.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. स्पीड ताशी किलोमीटरमध्येच टाकला. सपाट रस्त्यावर चाळीसने आरामात चाललेल्या गाडीचं उत्तर यायला पाहिजे १.९ च्या आसपास, माझं आलं जवळजवळ २५. म्हणजे तेरापट. आणि वाईट काय माहितीये, मला लगेच कळलंच नाही! आलेख मस्त दिसत होता, चढ-उतार जिथल्या तिथे, फक्त सगळं वर उचललेलं. दोन दिवसांनी बाबांना दाखवत होते तेव्हा ते चष्मा वर करून म्हणाले, "आपली स्कूटी एवढा जोर लावत असती तर मी तिला शेतात नांगराला जुंपली असती." तेव्हा ट्यूब पेटली.

ते निस्तरलं आणि चढ टाकला तेव्हा मात्र खरी मजा आली. चाळीसच्या त्याच स्पीडला पाच टक्क्यांचा चढ असेल तर १.९ चे होतात ७.३, जवळजवळ चौपट. सपाटीवरच पण स्पीड दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंदाने वाढत असेल, म्हणजे साधारण सिग्नल सुटल्यावर पळतो तसं, तर १४. उताराला येतं उणे ३.६. आता कोणी म्हणेल की जाताना चढ, येताना उतार, फिटंफाट. तसं होत नाही. उताराला इंजिन फार तर गप्प बसतं, चढताना सोडलेला धूर परत आत ओढून घेत नाही. त्यामुळे सपाट जर्मन शहरासाठी बसवलेलं काहीही पर्वरीला, पणजीच्या अल्तिनो टेकडीला आणलं तर ते कमीच सांगणार. कढईवाल्या मॉडेलात चढ घालायची सोय असते, पण आपल्याकडच्या रिपोर्टांत तो रकाना बऱ्याचदा शून्यच असतो. माझ्याही होता.

पण थांबा, इथे दुसरा घोळ. फोनचा जीपीएस उंची सांगतो तेव्हा तो इकडे-तिकडे डोलत असतो, काही मीटरचा फरक सहज. चाळीसच्या स्पीडला एका सेकंदात गाडी अकरा मीटर जाते, तेवढ्यात उंची नुसती एक मीटरने उडाली की मॉडेलला वाटतं नऊ टक्क्यांचा चढ आला. गिरीच्या शेतांमधून, जिथे रस्ता ताटासारखा सपाट, तिथे माझ्या फाइलमध्ये हिमालय आणि दऱ्या होत्या. पुलाखाली जीपीएसचा सिग्नल गेला की स्पीड पण उड्या मारतो आणि प्रवेग असले येतात की फॉर्म्युला वनवाला लाजेल. सगळं घासूनपुसून सरळ करावं लागतं, आणि किती घासायचं हे तुम्हीच ठरवता, जास्त घासलं की खरे धक्केही पुसले जातात. म्हणजे ज्या बारकाईसाठी मी सेकंदाचं मॉडेल घेतलं ती बारकाई माझ्या फोनलाच झेपत नव्हती. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून झोपले.

मग वाचत बसले, आणि २०१० चा एक पेपर सापडला, स्मिट, नत्झियाक्रिस्टोस आणि बोल्टर या तिघांचा, अ‍ॅटमॉस्फेरिक एन्व्हायर्नमेंट मध्ये. यांनी जगभरात अशा मॉडेलांच्या जितक्या तपासण्या झाल्या, पन्नासेक, त्या एकत्र करून बघितल्या. निष्कर्ष असा की कार्बन डायऑक्साइडला चूक साधारण १.३ पटीच्या आत असते, हायड्रोकार्बन आणि नॉक्सला दोन पटीच्या आत, कार्बन मोनॉक्साइड आणि धुरातल्या कणांना तीन पटीच्या आत, आणि काही ठिकाणी पाचपटीपर्यंतही गेलेली. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला मॉडेल १०० म्हणालं तर खरं ३३ असू शकतं नाहीतर ३००. आणि मी दशांशानंतर दोन आकडे लिहून आले होते! पण मला खुर्चीतून उठवलं ते दुसऱ्या वाक्याने, की जास्त गुंतागुंतीचं मॉडेल जास्त बरोबर येतं याला त्यांना पुरावा मिळाला नाही. साधं आणि भारी, दोघं तपासणीत साधारण सारखेच.

असं का, याचं उत्तर मला पुस्तकात नाही, मेरशीच्या चौकात मिळालं.

झालं असं की मॉडेलला गाड्यांची यादी द्यावी लागते, किती पेट्रोल, किती डिझेल, किती बीएस-३, किती बीएस-४, किती बीएस-६ (हे धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे, आकडा मोठा तेवढा नियम कडक). आम्ही काय करायचो, रजिस्ट्रेशनचे आकडे घ्यायचे आणि वाटून टाकायचे. पण नोंदणी झालेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी यात फार फरक आहे हो. आमच्याच घरामागे बाबांची जुनी स्कूटर फणसाखाली उभी आहे, तिच्यावर वेल चढलाय, कागदावर ती अजून गाडी आहे. गोव्यात घरटी कार जास्त, एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब-आरोग्य पाहणीत साधारण ४५ टक्के घरांत कार निघाली होती, देशात सगळ्यात वरचा आकडा, पण त्यातल्या कितीतरी रविवारी चर्चला नाहीतर मंगेशीला जाण्यापुरत्या निघतात. उलट रेंट-अ-बाइकवाली एक स्कूटर सीझनमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत कळंगुट-बागा-हणजूण घासत असते. कागदावर दोघी एक-एक.

म्हणून मी आणि मावसभाऊ मेरशीला जाऊन उभे राहिलो, कागदावर चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरपी. पाट्यांचे रंग मोजायचे. पांढरी म्हणजे घरची, पिवळी म्हणजे टॅक्सी-टेम्पो, काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची स्वतः चालवायची, हिरवी म्हणजे इलेक्ट्रिक. शिवाय एमएच आणि केए वेगळ्या रकान्यात. पंधरा मिनिटांत हात दुखायला लागतो, आणि तीन स्कूटर एकदम गेल्या की दोन सुटतातच. तिथे स्टँडवर एक पायलट, म्हणजे गोव्यातले बाइक-टॅक्सीवाले, बसले होते, पिवळ्या मडगार्डची बाइक, बराच वेळ बघत होते, शेवटी आलेच, "कितें मेजता गो बाय?" मी सांगितलं धूर मोजतेय. म्हणाले, "धुंवर मेजूंक कागद कशाक, म्हजो शर्ट पळय." आणि कॉलर उलटी करून दाखवली.

डिसेंबरात मोजलेला कागद आणि जूनमध्ये मोजलेला कागद शेजारी ठेवले तर वाटतं दोन वेगळी गावं आहेत. डिसेंबरात काळ्या पाट्या आणि बाहेरच्या राज्यातल्या गाड्या भरून वाहतात, जूनमध्ये रेनकोटवाले आपलेच लोक. मॉडेल कुठलंही घ्या, साधं घ्या नाहीतर सेकंदाचं घ्या, यादीच चुकीची असेल तर पुढची सगळी हुशारी पाण्यात. भारी मॉडेलला उलट जास्त माहिती लागते, म्हणजे चुकायच्या जागा जास्त. एवढी साधी गोष्ट कळायला मला चौकात उभं राहावं लागलं.

बरं, त्या यादीतल्या प्रत्येक गाडीचे ग्रॅम कुठून येतात? आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, त्यांनी २००० नंतरच्या दशकात भारतीय गाड्या रोलरवर चढवून धूर मोजला आणि तक्ते काढले, आजही बरेच रिपोर्ट तेच तक्ते वापरतात. काम चांगलंच होतं, पण त्यानंतर देशभर बीएस-४ आलं १ एप्रिल २०१७ ला, मधलं एक पाऊल गाळून बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. आणि रोलरवरची चाल म्हणजे काय, तर जुनी इंडियन ड्रायव्हिंग सायकल १०८ सेकंदांची, जास्तीत जास्त स्पीड ४२, सरासरी २२ च्या आसपास. ना चढ, ना एसी, ना मागे बसलेला मावसभाऊ. रोलरवर गुणी आणि रस्त्यावर भलतंच, हे २०१५ साली फोक्सवॅगनच्या प्रकरणात सगळ्या जगाने बघितलं, अमेरिकेच्या ईपीएने सांगितलं की त्या डिझेल गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत नॉक्स सोडतात. त्या गाड्यांना आपण टेस्टवर आहोत हे कळत होतं आणि तेवढ्यापुरत्या त्या शहाण्यासारख्या वागत होत्या, वर्गात सर आले की पुस्तक उघडणाऱ्या मुलासारख्या. आपल्याकडे आता एप्रिल २०२३ पासून नव्या कारना खऱ्या रस्त्यावरची चाचणी आलीये, डिकीत यंत्र बांधून. पण पर्वरीच्या चढावरच्या त्या बसला कोण बांधणार? तिची पीयूसी होते, म्हणजे उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती काळा ते बघतात, नॉक्सचं नावच नाही त्यात.

आता मूळ प्रश्न, आजोबांचा. खरं कशावरून? म्हणजे मॉडेल कशाशी ताडून बघायचं? इथे प्रत्येक तराजूला स्वतःची खोट आहे.

एक तराजू बोगदा. दोन्ही तोंडांशी हवा मोजायची, आत किती गाड्या गेल्या ते मोजायचं, फरक म्हणजे गाड्यांचा धूर. एक्सप्रेसवेच्या भाताण बोगद्यात काच खाली केली की जो भपका येतो तोच, फक्त मोजून. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज बोगद्यात असं केलं तेव्हा मॉडेलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ तिप्पट आणि हायड्रोकार्बन जवळजवळ चौपट निघाले, आणि त्यावरून तिथली मॉडेलं लिहिणारे खडबडून जागे झाले. पण बोगद्यात कोणी मधेच थांबून प्रवासी घेत नाही, थंड इंजिन नसतं, स्पीड एकसारखा. शहराच्या रस्त्याची परीक्षा तिथे होत नाही.

दुसरा, रस्त्याच्या आरपार किरण सोडायचा आणि गाडी गेली की तिच्या मागच्या धुरातून तो किती अडतो ते बघायचं. डेन्व्हर युनिव्हर्सिटीचे डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हे यंत्र बनवलं. त्यातून जे दिसलं ते माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, निम्म्याच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड जेमतेम दहा टक्के गाड्या सोडतात. बाकीच्या नव्वद टक्के बऱ्यापैकी सभ्य. आता समजलं ना कार्बन डायऑक्साइडची चूक कमी आणि मोनॉक्साइडची जास्त का? डायऑक्साइड म्हणजे जळलेलं इंधन, लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलोच्या आसपास निघणारच, गाडी नवी असो की जुनी. (लिटरभर पेट्रोलचं वजन किलोपेक्षा कमी आणि त्यातून दोन किलोहून जास्त कसं निघतं असं मावसभावाने विचारलं, तर हवेतला ऑक्सिजन जोडला जातो म्हणून.) मोनॉक्साइड आणि काजळी मात्र एखाद्या बिघडलेल्या गाडीवर अवलंबून, आणि ती गाडी तुमच्या यादीत 'सरासरी डिझेल बस' म्हणून गुपचूप बसलेली असते.

तिसरा तराजू मला फार आवडला होता, इंधनविक्री. मॉडेल म्हणतं एवढा डायऑक्साइड, पंप म्हणतात एवढे लिटर विकले, जुळवा. पण गोव्यात हा तराजू लंगडा आहे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटर एकदम अकरा रुपयांच्या आसपास स्वस्त झालं तेव्हापासून सावंतवाडी-बांद्याचे लोक टाकी भरायला पेडण्याला, कारवारचे काणकोणला. आता तो व्हॅट तेवढा कमी राहिला नाही तरी फरक आहेच. आमचा सावंतवाडीचा मामा गणपतीला आला की आरती आधी नाही, पंप आधी. पेट्रोल गोव्यात विकलं, धूर सिंधुदुर्गात. डिझेलचं तर विचारूच नका, ट्रॉलर आहेत, बार्ज आहेत.

आणि चौथा, जो आम्ही नेहमी वापरतो, रस्त्याशेजारचं हवा मोजायचं यंत्र. मॉडेलचा धूर घ्यायचा, तो वाऱ्याबरोबर कसा पसरेल ते दुसऱ्या मॉडेलने काढायचं, भारतात बहुतेक कॅलिफोर्नियाचं कॅलाइन-४ वापरतात, आणि यंत्राच्या आकड्याशी ताडायचं. जुळलं की टाळ्या. माझंही जुळलं होतं! नंतर खोदलं तर कळलं की धूर मी कमी धरलेला, चढ शून्य आणि यादी जुनी म्हणून, आणि सकाळी नऊला वारा जवळजवळ पडलेला असताना पसरणाऱ्या मॉडेलने तो धूर रस्त्यावरच साचवून ठेवला, म्हणजे आकडा फुगवला. एक चूक खाली, एक वर, बेरीज छान. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की दुसरी चूक नाहीशी आणि पहिली उघडी. मी फक्त सकाळचे तास दाखवले होते, मुद्दाम नाही, पण तेवढेच सुंदर दिसत होते म्हणून. त्यात यंत्र मोजतं नायट्रोजन डायऑक्साइड आणि मॉडेल देतं एकूण नॉक्स, धुराड्यातून निघतो तो बहुतेक नायट्रोजन मोनॉक्साइड आणि तो बाहेर ओझोनला भेटून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तर तेही आधी जुळवायला हवं. आणि धुळीचे कण? पणजीत रस्ते खणलेले, पर्वरीत उड्डाणपुलाचं काम, त्या यंत्रात लाल माती मोजली जात होती, धूर नाही.

जुळण्याचा आकडा कुठला द्यायचा यावरही भांडण आहे. माझ्या स्लाइडवर आर-स्क्वेअर होता. पण मॉडेल प्रत्येक तासाला बरोबर अर्धाच धूर सांगत असेल तरी आर-स्क्वेअर पूर्ण एक येतो, पैकीच्या पैकी. तो फक्त सांगतो की दोघं एकदम चढतात-उतरतात. म्हणून सोबत द्यायचं की सरासरीत किती कमी-जास्त, आणि किती तास निम्मं ते दुप्पट या मर्यादेत बसले. आमची काकू म्हापशाच्या मासळी बाजारात एकीकडूनच बांगडे घेते, तिचे वाटे कायम दोन बांगडे कमी असतात हे काकूला माहीत आहे, ती भाव करताना दोन वर मागून घेते आणि विषय संपतो. दुसऱ्या एकीचे वाटे कधी मोठे कधी छोटे, तिच्याकडे काकू जात नाही. कायम कमी सांगणारं मॉडेल काकूसारखं सांभाळून घेता येतं, लहरी मॉडेलचं काही करता येत नाही, आणि आर-स्क्वेअर पहिल्या बाईचे दोन बांगडे लपवतो.

एक गोष्ट मात्र मॉडेलच्या बाजूने बोलायला हवी. आकडा चुकीचा असला तरी तुलना बरोबर असू शकते. आज आणि वनवे, दोन्हीत चूक तीच असेल तर वजाबाकीत ती बरीचशी जाते. पण बदल असा असेल की तो मॉडेलला दिसतच नाही, तर मात्र वजाबाकी पण खोटी. वनवेने सरासरी स्पीड थोडा वाढला एवढंच माझ्या मॉडेलने बघितलं. लोक वळसा घालून जास्त अंतर कापतील हे मी टाकलं होतं, पण बस स्टॉप सरकल्यावर ती चढावर थांबेल की सपाटीवर, हे टाकायला जागाच नव्हती. आणि धुरासाठी कदाचित तेच सगळ्यात मोठं होतं.

गेल्या महिन्यात तसलंच दुसरं काम आलं. या वेळी मी साधंच मॉडेल घेतलं, कढईवालं, पण गाड्यांची यादी चौकात उभं राहून, दोन सीझनची, आणि चढाचा रकाना फोनवरून नाही तर सर्व्हेवाल्यांनी मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून भरला. उत्तर एका आकड्यात नाही, इथपासून इथपर्यंत असं लिहिलं, कार्बन डायऑक्साइडचा पट्टा अरुंद, काजळीचा चांगलाच रुंद. शेवटी एक तक्ता जोडला, "मॉडेलला न दिसणाऱ्या गोष्टी", त्यातली पहिली ओळ चढावर मधेच थांबणारी बस. सरांनी रिपोर्ट वाचला, चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा तक्ता काढता नाही का येणार? क्लायंट घाबरतील." मी म्हटलं सर, मागच्या वेळी माझ्या उत्तरावर हशा झाला तेव्हा तुम्ही पण हॉलमध्ये होतात. ते हसले, पण रिपोर्ट अजून त्यांच्याच टेबलावर आहे, वर पेपरवेट ठेवून.